बिशपचे पद आणि मंडळीचा अधिकार

(खडकी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



खडकीच्या छावणीत गोऱ्या लष्करासाठी ऑल सेंट्स चर्च उभे राहिले. ते ज्या अँग्लिकन पंथाचे, त्याचा बिशप या देशात आला तो राजसत्तेच्या हुकमाने. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याचे बिशपपद निर्माण झाले आणि त्याचा पगार हिंदी रयतेच्या महसुलातून दिला गेला. मुंबईला स्वतंत्र बिशप १८३७ साली मिळाला. ज्याला मंडळीने निवडले नाही आणि पोसलेही नाही, तो मंडळीला जाब कशासाठी देईल?

याच मुलखात दुसरी परंपराही रुजली. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बिशप नव्हता. स्थानिक मंडळी हाच तेथील कारभाराचा पाया मानला जाई. परंतु बिशप नसला म्हणजे वरिष्ठशाही नसते, असे नव्हे. पैसा परदेशातून येई आणि निर्णय पैशामागून जाई. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोणाकडे बिशप होते, कोणाला ते पदच अमान्य होते. तडजोड अशी झाली की, बिशप राहील, परंतु संविधानाच्या चौकटीत. सिनडमध्ये बिशप व पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतील. तथापि केवळ ठराव करून विश्वस्तांकडील मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गुजरातच्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात स्पष्ट केले. वरून घडविलेली एकी खालचा प्रश्न सोडवीत नाही.

रोमन कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मप्रांतात व धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरविली. बिशपची नेमणूक मात्र पोपकडेच राहिली.

म्हणून बिशप असावा की नसावा, एवढ्यावर हा वाद संपत नाही. त्याला कोण निवडतो, हिशेब कोण तपासतो आणि चुकल्यास जाब कोण विचारतो, हे खरे प्रश्न आहेत. अस्पृश्यतेच्या जाचातून माणुसकीच्या शोधात चर्चमध्ये आलेल्या आमच्या बांधवांना ते विचारण्याचा पुरेपूर हक्क आहे. आपल्या युनियनमध्ये, सहकारी संस्थेत आणि पक्षातही हेच प्रश्न विचारण्याची तयारी आपण ठेवली, तरच त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार आपल्याला राहील.