साखरेचे रसायन : सिद्धान्त आणि व्यवहार (स्वागताध्यक्षीय भाषण)



सैद्धान्तिक व व्यावहारिक रसायनशास्त्र आणि त्याचे उपयोग या विषयावरील ही परिषद कोल्हापुरात भरावी याला केवळ सोयीपलीकडचे औचित्य आहे. कारण ज्या एका रासायनिक क्रियेची धास्ती या परिसरातील प्रत्येक गुळव्याला आणि कारखान्यातील प्रत्येक केमिस्टला हंगामभर असते, त्याच क्रियेच्या अभ्यासातून रासायनिक गतिशास्त्राचा, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने व कशा मार्गाने घडते याचा विचार करणाऱ्या शाखेचा, पाया घातला गेला. ती क्रिया म्हणजे साखरेचे व्यस्तन, ज्याला कारखान्यात सर्रास इन्व्हर्शन म्हणतात.

उसातील साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा जोडून बनलेला हा रेणू आम्लाच्या सान्निध्यात पाण्याचा एक रेणू घेतो आणि आपल्या दोन घटकांत फुटतो. ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल सुक्रोजचे द्रावण उजवीकडे वळवते आणि त्याचे विशिष्ट वलन सुमारे ६६.५ अंश असते. फुटून झालेल्या मिश्रणाचे वलन मात्र डावीकडे, सुमारे २० अंशांचे भरते. त्यामुळे अभिक्रिया न थांबवता, नळीतील द्रावणाला हातही न लावता, किती साखर फुटली आणि किती उरली हे ध्रुवणमापीवर वाचता येते. लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये नेमके हेच केले, आणि कोणत्याही क्षणी फुटण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हे गणिती रूपात मांडले. त्यांच्या निबंधाकडे तीसेक वर्षे जवळजवळ कोणी पाहिले नाही. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी पुढे तो उजेडात आणला. तापमान वाढले की वेग एवढ्या झपाट्याने का वाढतो, या प्रश्नाला स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये उत्तर दिले, तेही साखरेच्या व्यस्तनाच्या आधारेच. सर्व रेणू सारखे क्रियाशील नसतात, पुरेशी ऊर्जा असलेले थोडेच असतात आणि उष्णतेने त्यांची संख्या वाढते, हा आजच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकातील विचार तेथून आला. १९१३ मध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरकांच्या, गतीचे समीकरण दिले, तेव्हाही त्यांच्यापुढील विकर इन्व्हर्टेज होते आणि पदार्थ साखरच.

हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. युरोपातील साखरेच्या व्यापारामुळे शुद्ध साखर सहज मिळू लागली होती आणि तिची प्रत ठरवण्याच्या गरजेतून ध्रुवणमापी सुधारत गेला होता. व्यवहाराने पदार्थ पुरवला, उपकरण पुरवले आणि प्रश्नही पुरवला. सिद्धान्त आधी आणि उपयोग नंतर, हा जो क्रम अभ्यासक्रमांनी गृहीत धरला आहे, तो निदान येथे लागू पडत नाही.

गुऱ्हाळातील काहिलीपाशी हीच गोष्ट वेगळ्या अंगाने दिसते. ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि तो उकळत ठेवणे म्हणजे व्यस्तनाला आमंत्रणच. म्हणून गुळव्या बेताने चुना घालतो, भेंडीचे पाणी टाकून मळ वर आणतो आणि झाऱ्याने काढत राहतो. पाक घट्ट होत आला की थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ती भांड्यावर आपटल्यावर कसा आवाज देते, हे पाहून काहिल उतरवण्याची वेळ ठरते. तापमापी लावला तर तो त्या सुमारास ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. चुना कमी पडला तर साखर फुटते आणि गूळ पाघळतो. जास्त झाला तर ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे विघटन होऊन रंग काळवंडतो. आम्लता मोजण्यासाठी सोरेन्सन यांनी पीएच ही मोजपट्टी दिली ती १९०९ साली. गुळव्याचा अंदाज त्याहून जुना आहे, परंतु तो एका माणसाच्या हातात राहतो आणि त्याच्याबरोबर जातो, हे त्याचे उणेपण विसरून त्याचा गौरव करण्यात अर्थ नाही.

कारखान्यात तोच तोल मोठ्या प्रमाणावर साधावा लागतो. मिश्र रस तापवून त्यात चुन्याचे दूध आणि गंधक जाळून मिळवलेला सल्फर डायऑक्साइड वायू एकाच वेळी सोडतात, पीएच ७ च्या जवळ राखतात आणि तयार होणाऱ्या कॅल्शियम सल्फाइटच्या साक्याबरोबर मळ खाली बसू देतात. या टप्प्यावर पीएच घसरला, तर वेग व तापमान जोडणाऱ्या अऱ्हेनियस यांच्या समीकरणाचा दाखला गोदामात कमी भरलेल्या साखरेतून मिळतो. कारण तापमान १० अंशांनी चढले की व्यस्तनाचा वेग साधारण तिप्पट ते चौपट होतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर हेच काम उसातील इन्व्हर्टेज आणि सूक्ष्मजीव करतात. त्यात हरवते ती साखर उताऱ्यात, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत, दिसत नाही, आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे रसायनशास्त्राच्या या एका पानाचा संबंध थेट शेतकऱ्याच्या बिलाशी पोचतो. प्रयोगशाळेत ध्रुवणमापीवर वाचलेला ‘पोल’ हा साखरेचा आकडादेखील शुद्ध सुक्रोजचा नसतो. फुटलेल्या शर्करांचे उलटे वलन त्यातून वजा झालेले असते, हे केमिस्ट जाणतात, पण हंगामाच्या धांदलीत ते अनेकदा बाजूला पडते.

सिद्धान्त अपुरा पडतो अशी जागाही याच परिसरात आहे. मळीपासून अल्कोहोल करताना दर लिटरमागे सुमारे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरणारे गडद तपकिरी सांडपाणी, निघते. त्यातील सेंद्रिय भाराचा मोठा वाटा हवाविरहित पचनाने मिथेनमध्ये बदलता येतो. तपकिरी रंग मात्र टिकतो. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून बनणारे मेलॅनॉयडिन हे मोठ्या रेणूंचे मिश्रण त्याला मुख्यतः कारण असून त्याची नेमकी रचना अद्याप पूर्णपणे उलगडलेली नाही. ज्याची रचना ठाऊक नाही त्याचे बंध कोठे तोडावेत हे केवळ तर्काने सांगता येत नाही, म्हणून सध्या ते सांडपाणी आटवून जाळण्यावर भर आहे. येथील पंचगंगा नदीच्या काठी राहणाऱ्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. रेणूंची संगणकीय प्रतिमाने तयार करणारे आणि आसवनीत पाळीवर उभे राहणारे, असे दोघेही आज या सभागृहात आहेत. त्यांनी एकमेकांची सत्रे टाळू नयेत, एवढी स्वागत समितीची अपेक्षा आहे.

म्हणूनच निबंधवाचनाच्या क्रमात कारखान्यांतील रसायनज्ञांचे सत्र अखेरच्या दिवसाच्या दुपारी न ढकलता पहिल्या सकाळी ठेवले आहे. आपल्या नोंदवह्यांतील न जुळणारे आकडे त्यांनी संकोच न करता मांडावेत आणि अध्यापकांनी ते विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी उचलावेत, ही विनंती आहे.