लाज भाकरीची नको, दुखण्याचीही नको
(पिंपळवंडी येथे समाजबांधव व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत काढायचा नाही असा आपल्याकडे रिवाज आहे. विषय आहे मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग. शौचाशी संबंधित म्हणून कोणी नाक मुरडू नये. या रोगाबाबत न बोलण्यानेच पुष्कळ नुकसान होते.

हा रोग मुळात श्रीमंत देशांतला समजला जाई. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण फारच कमी आढळले. शहरात मात्र ते जास्त. आजही भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच आहे. पण ज्यांना होतो त्यांत तरुण बरेच दिसतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ४७ होते. पश्चिमेकडे हेच वय साठीच्या पुढचे असते. आपली लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचे एक कारण खरे. पण अमेरिकेतही पन्नाशीच्या आतल्यांत हा रोग वाढत चालल्यामुळे तेथे तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणावे लागले.

हा रोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर प्रथम लहानसा मांसल कोंब येतो. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो आणि त्याला बहुधा दहा-एक वर्षे लागतात. या काळात आपण काय खातो याला महत्त्व आहे. कोंडा, टरफल, पालेभाजी यांतला चोथा पचत नाही. पण तो मळ पुढे सरकवतो, आणि आतड्यातील सूक्ष्म जंतू त्यापासून अस्तराला पोसणारी द्रव्ये तयार करतात. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा मिळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मित्रांनो, हा चोथा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला आहे. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, रानातली पालेभाजी! आपल्या आईबापांनी ते गरिबीपोटी खाल्ले, म्हणून आज शिकलेल्या मुलाला डब्यात भाकरी न्यायची लाज वाटते. त्याला फाट्यावरचा वडापाव, मैद्याची बिस्किटे, पाकिटातले तळण आणि बाटलीतले गोड पेय प्रतिष्ठेचे वाटते. पूर्वी शेतावर पायी जाणारा माणूस आज बांधापर्यंत मोटारसायकलने जातो. पोटाचा घेर वाढतो, मधुमेह लवकर येतो. लठ्ठपणा, बैठे जीवन, विडी-सिगारेट आणि दारू, या साऱ्यांनी या रोगाचा धोका वाढतो. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते आतड्यालाही लागू आहे.

मांसाहाराविषयी स्पष्ट बोलतो. कोणी काय खावे हे दुसऱ्या जातीने ठरवू नये, हे आमचे ठाम मत आहे. प्रश्न प्रमाणाचा व प्रकाराचा आहे. खारवून, धुरी देऊन टिकवलेल्या मांसाने हा कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१५ साली काढला. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ताज्या लाल मांसाबद्दलही तिने सावध केले आहे. तेव्हा ते कधीमधी व बेताने खावे, आणि ताटात डाळ-उसळ वाढवावी.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, की उपवासही सांगितला नाही. जो मात्रा जाणून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला जेवणाच्या वेळी हेच आठवून द्यायला ठेवले आणि हळूहळू आहार आटोक्यात आणला. घरात असा एखादा सुदस्सन आपल्यालाही हवा.

आता दुसरी लाज. शौचात रक्त दिसले की तरुण मुलगा कोणाला सांगत नाही. सांगितले तर 'मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल' म्हणून झाडपाला किंवा दुकानातले मलम आणतात. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही, आणि या नादात महिने निघून जातात. सून-मुलींची तर आणखी कठीण गोष्ट. त्यांचा अशक्तपणा पाळीवर ढकलला जातो.

म्हणून लक्षात ठेवा. शौचात रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, पोटात वारंवार कळ, कारण नसताना घटलेले वजन किंवा रक्तक्षय, यांपैकी काही असेल तर वय विशीचे असो की साठीचे, डॉक्टरांकडे जा. बोटाने तपासणी करू द्या, लागल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आईवडील वा भावंडांना हा रोग झाला असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण काही घराण्यांत तो चालत येतो. तेथे भाकरी खाणाऱ्यालाही सूट नाही. अगदी सुरुवातीला सापडल्यास दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. उशीर झाला की हे चित्र पालटते. खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

विद्यार्थ्यांनो, बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. शिकलेल्याने घरी जाऊन आज एवढेच विचारावे : 'आई, तुला काही त्रास आहे का? लाजू नकोस.' आमच्या या भाषणाचे तेवढ्याने सार्थक होईल.

भवतु सब्ब मंगलम्‌. जय भीम!