पुरुषांच्या डोळ्यांतले पाणी



आमच्या एका रात्रीच्या वर्गात घडलेली गोष्ट आधी सांगतो. ज्यांची गोष्ट आहे, त्यांना विचारूनच ती सांगत आहोत. नाव सांगणार नाही. आपण त्यांना आजोबा म्हणू.

आजोबा आता सत्तरीला आले आहेत. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत कामाला होते. लालबागला एका खोलीत पंधरा-वीस गाववाले राहत. कोणी दिवसपाळीचे, कोणी रातपाळीचे. आजोबांना वाचता येत नव्हते. गावाहून पत्र आले, की खोलीतले एक शिकलेले गाववाले ते मोठ्याने वाचून दाखवीत. एकाचे पत्र साऱ्यांच्या कानांवर पडे.

१९७९ साली पावसाळ्यात त्यांना आईचे पत्र आले. निळे आंतर्देशीय पत्र. आईने सांगितले आणि शाळेच्या मास्तरांनी लिहून दिले. वडील वारले होते. पत्र हाती येईपर्यंत तेरावाही होऊन गेला होता. वाचून झाले तशी खोली गप्प झाली. आजोबांच्या घशात हुंदका आला. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "घट्ट हो गड्या. आता घरचा कर्ता तू." आजोबांनी हुंदका गिळला, डबा उचलला आणि पाळीवर गेले.

पत्र मात्र त्यांनी जपून ठेवले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा गिरणी दिसलीच नाही. आजोबाही पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. ट्रंकेच्या तळाशी ते पत्र होते.

या वयात ते अक्षरे शिकायला आले. "आजोबा, आता कशाला हा त्रास?" असे कोणी विचारले, तर म्हणत, "एक काम राहिलंय." एका रात्री ते पत्र घेऊनच वर्गाला आले. ओळीखाली बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचू लागले. मजकूर त्यांना तोंडपाठ होता. पण शेवटाला बोट थांबले. तिथे एक ओळ होती, ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. "जाताना तुझे नाव घेत होते. बाळ आला का, म्हणून दोनदा विचारले."

खोलीतल्या त्या गाववाल्यांनी ती ओळ गाळली होती.

आजोबा उठले. "बाई, डोळ्यांत काहीतरी गेलं," म्हणाले आणि बाहेर पडवीत गेले. खांबाला धरून उभे राहिले. चाळीस वर्षांहून जुना हुंदका त्या रात्री बाहेर पडला.

ज्यांनी ओळ गाळली, ते काही वाईट नव्हते. त्यांना वाटले, ही ओळ वाचली तर पोर चारचौघांत कोसळेल. त्याची लाज राखावी, म्हणून त्यांनी दया केली. पण त्या दयेपायी एका मुलाला बापाचा शेवटचा शब्द कळला नाही. म्हणून म्हणतो, आज या गोष्टीचा विचार करू. पुरुष का रडतो? आणि रडणे लपवतो का?

आधी देहाचे पाहू. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याला अश्रूंची ग्रंथी असते. तिथून पाणी डोळ्यावर येते. नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीच्या कडेला बारीक छिद्रे असतात. त्यांतून ते नाकात उतरते. म्हणून रडताना नाकही वाहते. हे पाणी तीन तऱ्हेचे. एक, डोळा ओला राखणारे. ते सदा असते. दुसरे, कांदा चिरताना किंवा धूर लागला की येणारे. तिसरे, मन भरून आले की येणारे. ही रचना बाईला आहे तशीच पुरुषाला आहे. देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, पुरुषाला कोरडा घडवलेला नाही.

पाळण्यातला मुलगा आणि पाळण्यातली मुलगी यांच्या रडण्यात फरक नसतो. फरक मोठा दिसू लागतो तो मिसरूड फुटायच्या सुमाराला. अमेरिकेत विल्यम फ्रे नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात लोकांना आपल्या रडण्याची टिपणे ठेवायला सांगितली. बायका महिन्याला सरासरी पाच वेळा रडत, आणि पुरुष एखाद-दुसऱ्या वेळी. यात देहाचा वाटा काही असेल. पण शिकवणीचा वाटा केवढा मोठा आहे, ते आपल्या घरातच पाहा.

पोरगा पडला, गुडघा फुटला. तो रडू लागला की आपण काय म्हणतो? "मुलीसारखा रडतोस काय?" या एका वाक्याने आपण दोन अपराध करतो. मुलाला सांगतो, तुझे दुखणे लाजेचे आहे. आणि शेजारी उभ्या बहिणीला सांगतो, तुझी जात दुबळी आहे. पोरगा शहाणा असतो. तो पुढच्या वेळी ओठ चावतो. वीस वर्षांनी तोच बाप होतो आणि तेच वाक्य आपल्या पोराला ऐकवतो.

दुसरे कारण पोटाचे आहे. घरातला कर्ता म्हणजे घराचा खांब, असे आपण मानतो. खांब हलला तर घर बसेल, हे भय त्याच्या मनात असते. पीक गेले, कर्ज थकले, कामावरून काढले, तरी तो घरी येऊन म्हणतो, "काही नाही, सगळं ठीक आहे." बायकोला सारे दिसत असते. ती विचारते. तो खेकसतो. मंडळी, पुरुषाचे पुष्कळसे खेकसणे हे अडवलेले रडणेच असते. मात्र म्हणून घरच्यांनी ते सोसावे, असा याचा अर्थ नव्हे. दुःख आहे म्हणून हात उगारायचा हक्क कोणाला मिळत नाही.

कोणी गुत्त्याची वाट धरतो. तिथे दोन घोट पोटात गेले, की हाच मर्द ओक्साबोक्शी रडतो. सकाळी सारे दारूवर ढकलता येते. रडायला निमित्त हवे, म्हणून माणूस संसार विकतो. केवढे महाग हे रडणे!

आणि काहींना कुठलीच वाट सापडत नाही. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आपला जीव आपण संपवला. त्यांत शंभरात सुमारे बहात्तर पुरुष होते. प्रत्येकाची कारणे वेगळी असतात. केवळ रडले नाहीत म्हणून ते गेले, असे आम्ही म्हणणार नाही. पण जो आपले दुःख कोणालाच सांगत नाही, त्याला मदत कोण आणि कशी करणार?

कोणी म्हणेल, आपल्याकडे पुरुषांनी रडायची रीतच नाही. तसे नाही. वाल्मीकींच्या रामायणात सीतेला नेल्यावर राम रानोमाळ शोक करतो. लक्ष्मण रणात पडला तेव्हाही करतो. म्हणून रामाला कोणी भित्रा म्हटले नाही. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगीचा साऱ्या संतांचा शोक नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. साने गुरुजींच्या लिखाणात अश्रू फार, अशी टीका झाली. पण १९४७ साली पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसले, ते हेच गुरुजी. डोळे ओले असले म्हणून कणा मऊ नसतो.

आजही वारीला जाऊन पाहा. पांडुरंगाचा कळस दिसला, की राकट हातांचे शेतकरी डोळे पुसतात. कोणी हसत नाही. लेकीच्या पाठवणीला बाप मांडवामागे जाऊन उपरणे डोळ्यांना लावतो. तेही आपण समजून घेतो. म्हणजे पुरुषाच्या अश्रूंना आपली ना नाही. फक्त जागा ठरवून दिल्या आहेत, आणि त्या फार थोड्या आहेत. घर ही त्यांतली एक जागा झाली पाहिजे.

त्यासाठी मोठे काही करायला नको. पोरगा रडला तर "कुठं दुखतंय?" एवढेच विचारा. घरधनी गप्प झाला, तर रागे भरण्याआधी जवळ बसा. पुरुषांनो, तुमचा सोबती भरल्या डोळ्यांनी बोलू लागला, तर थट्टेवारी नेऊ नका. ऐकून घ्या. आणि कोणाला जगणेच नकोसे झाले, तर एकटे सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो २०२२ सालापासून सुरू आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. पाटीवर, भिंतीवर, कुठेही तो लिहून ठेवा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात.

आता आजोबांची गोष्ट पुरी करू. ते पडवीत उभे होते आणि आम्ही आत चुळबुळत होतो. बाहेर जावे की जाऊ नये, आम्हा शिकवणाऱ्यांना कळेना. तेव्हा वर्गातलेच एक गृहस्थ उठले. आजोबांच्याच वयाचे. त्यांनी तांब्याभर पाणी नेले आणि शेजारी बसले. "रडू नको" म्हणाले नाहीत. "घट्ट हो" म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "पुन्हा एकदा वाच. मी ऐकतो."

आजोबांनी डोळे पुसले, पत्र उलगडले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. या वेळी त्यांनी एकही ओळ गाळली नाही.