चेलाडी फाट्याजवळ अपघात झाला तर…

पुणे-सातारा महामार्गावर, नसरापूरच्या चेलाडी फाट्याजवळ डोळ्यांदेखत अपघात झाला, तर फोन कुठे कराल? राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर, पोलीस ११२ वर. पण नुसतं ‘नसरापूरजवळ’ सांगून भागत नाही. गाडी साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की पुण्याकडे, हे आधी सांगा. मध्ये दुभाजक आहे. रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूला आली, तर तिला पुढून वळून यावं लागतं, आणि रक्तस्राव तेवढा वेळ थांबत नाही. किलोमीटरचा दगड, पूल, हॉटेल, जे दिसेल ते सांगा.

आपली गाडी कडेला घ्या, मागून येणाऱ्यांना लांबूनच सावध करा. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा. आगीचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका, पाणी पाजू नका.

पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने माणसं अजूनही नुसती बघत राहतात, याचं फार वाईट वाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही. शिवाय मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचार मिळतात.