पोरीले लोखंडात कायले टाकता?

गेल्या उन्हाळ्यात, ऐन तिखटाच्या दिवसांत, आमच्या गटाचं मिरची कांडप यंत्र बंद पडलं. मेकॅनिक आला. आम्ही पदर नाकाला लावून लांब उभ्या. गटातल्या एका ताईंची दहावीतली मुलगी मात्र त्याच्याजवळ बसून विचारत होती, "दादा, मोटरची पुली एवढीशी अन् यंत्राची एवढी मोठी कायले?"

उत्तर साधं आहे. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. तिची पुली तीन इंचांची अन् यंत्राची बारा इंचांची असली, तर यंत्र 360 फेरेच घेतं. वेग चौपट कमी, पण जोर जवळपास चौपट. हा हिशेब म्हणजेच मेकॅनिकल इंजिनिअरिंग. कुकरची शिट्टी उचलते तीच वाफ, प्रचंड दाबाने, कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइन फिरवते. तो बॉयलर, ते टर्बाइन, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतली यंत्रं, मेट्रोचे ब्रेक, सगळं याच विषयातलं.

मुलीला हेच शिकायचं आहे. आई म्हणाल्या, "पोरीले लोखंडात कायले टाकता? कॉम्प्युटर शिकू द्या." त्यांची काळजी खोटी नाही. वर्कशॉपमध्ये उभं राहावं लागतं, कारखान्यात पाळ्या असतात, अन् सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बरेचदा कमीच असतो. पण लीला पूनावाला यांनी 1967 साली पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून हीच पदवी घेतली अन् पुढे अल्फा लावल कंपनीच्या प्रमुख झाल्या. तेव्हा तर वर्गात मुली दिसतच नव्हत्या.

रस्ते दोन आहेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या गुणांवर. डिप्लोमानंतर नोकरी करता येते, नाहीतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दुसरा रस्ता बारावी सायन्सनंतर चार वर्षांच्या पदवीचा. त्याला सीईटी द्यावी लागते, आपल्या व्हीएनआयटीसाठी जेईई. गणिताची भीती असेल तर ती आधीच घालवा, कारण ते शेवटपर्यंत सोबत राहतं. ड्रॉइंगही भरपूर असतं.

आता पैशाचं. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, ओबीसी अन् एसईबीसी घटकांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. होस्टेल अन् मेसचा खर्च वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, नंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात.

मुलीच्या आई अजून 'हो' म्हणाल्या नाहीत. "आधी तिथं पोरी काम करतात का, ते मले दाखवा," एवढंच म्हणाल्या. म्हणून येत्या सोमवारी आम्ही दोघी मायलेकींना घेऊन सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात जाणार आहोत, वर्कशॉप पाहता येईल का ते विचारायला.