आमच्या नावाचं निवेदन, आमची सही कुठाय?

(जव्हार-मोखाड्याचा दौरा करून आल्यावर मुंबईतल्या युवक बैठकीत केलेलं भाषण)



मला दिलेला विषय भारदस्त आहे. लोककल्याणाच्या संस्था सरकारी धोरण घडवण्यात भाग कसा घेतात, म्हणे. मी मॅट्रिक झालेला, गोदीत ओझी उचलणारा माणूस. दिवसा गोण्या, रात्री कविता. धोरण मला एकाच वाटेनं कळतं. वरून कागद सुटतो आणि खाली कुणाच्या तरी पाठीवर त्याचं वजन येतं. तेव्हा खालूनच बोलतो.

मुंबईच्या गोदीत एके काळी धक्क्यावर टोळीवाला असायचा, बोटीवर सारंग. माणसं तो आणणार, मजुरी तो वाटणार, साहेबाशी तोच बोलणार. कामगाराचं दुःख साहेबाला कळायचं ते त्याच्या तोंडून, आणि त्याचं तोंड साहेबाच्या खिशात. बोटीवरच्या कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला. त्याखाली मंडळ आलं आणि सरकार, मालक, कामगारांचे प्रतिनिधी एका टेबलाला बसले. ते कुणी दान दिलं नव्हतं, कामगारांनी लढून घेतलं होतं. पुढं ते मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विरून गेलं. आज मी ठेक्यावर राबतो आणि ठेकेदार म्हणतो, "तुमचं मी बघतो ना!"

हे 'तुमचं मी बघतो' ध्यानात ठेवा. मला जे बोलायचंय ते सगळं यात आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, संस्था म्हटली की दलाली. मग बहिष्कृत हितकारिणी सभा काय होती? १९२४ साली बाबासाहेबांनी काढलेली संस्थाच ती. १९२५ साली सोलापुरात तिनं वसतिगृह चालवलं. अध्यक्ष कोण, तर सर चिमणलाल सेटलवाड. बडं नाव. पण कारभारी मंडळाचे चेअरमन बाबासाहेब. १९२८ साली सायमन कमिशन आलं तेव्हा याच सभेच्या वतीनं निवेदनं गेली आणि बाबासाहेबांनी पुण्यात कमिशनपुढं साक्ष दिली. वसतिगृहातली भाकरी आणि कमिशनपुढची मागणी, दोन्ही एकाच संस्थेची. पाटीवर नाव कुणाचंही असेल, लेखणी आपल्या हातात होती.

आता उलट बाजू बघा. १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला. बाबासाहेबांनी ठक्कर बाप्पांना पत्र लिहून बजावलं की अस्पृश्याला सद्गुण शिकवत बसू नका, विहीर, शाळा, नोकरी यांच्या हक्कासाठी झगडा. ते मानलं गेलं नाही. बाबासाहेब बाहेर पडले. भांडण सेवा करावी की नाही याचं नव्हतं. सेवा करणाऱ्याच्या डोक्यावर कोण बसणार, याचं होतं.

हे माप घेऊन चला जव्हार-मोखाड्यात. मी आदिवासी नाही. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही. मी फक्त त्यांच्या नावानं फिरणाऱ्या कागदांबद्दल बोलतोय.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं मेली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत. मंत्र्यांच्या गाड्या गेल्या, कॅमेरे गेले, बिस्किटं गेली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि २०१६ साली मोखाडा पुन्हा पेपरात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं राज्य सरकारला नोटीस काढली. दोन तारखांच्या मध्ये चोवीस वर्षं. वावर-वांगणीतनं वाचलेलं पोर तेवढ्यात बाप झालं असेल.

या चोवीस वर्षांत संस्थांनी काहीच केलं नाही, असं म्हणणारा खोटारडा. मोठं काम त्यांनी केलं ते मोजण्याचं. सरकारच्या वहीत मेलेलं पोर पूर्ण उतरत नव्हतं. गडचिरोलीच्या 'सर्च'सह तेरा संस्थांनी गावात, पाड्यावर, झोपडपट्टीत जाऊन बालमृत्यू मोजले आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल मांडला. सरकारी आकडा उघडा पडला. मग सरकारनं डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. गावच्या बाईनं घरी जाऊन तान्ह्या बाळाला जपायची गडचिरोलीतली पद्धत पुढं देशभरच्या आशांच्या शिक्षणात गेली. त्याच २००१ साली पीयूसीएल भुकेच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबरला कोर्टानं हुकूम दिला की शाळेत शिजवलेलं अन्न द्या. २०१३ साली अन्न सुरक्षेचा कायदा आला. महाराष्ट्रात २०१५ साली अमृत आहार योजना आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बाईला रोज एक वेळचं गरम ताट, सुरुवातीला ताटामागं २२ रुपये. पुढं पोरांना अंडी, केळी.

म्हणजे वाट अशी. मोजा, छापा, कोर्टात जा, समितीत बसा, जी.आर. काढून घ्या. ही वाट खरी आहे. तिनं जीव वाचलेत. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी ती शिकून घेतलीच पाहिजे. नुसत्या घोषणेनं कागद हलत नाही.

पण मोखाड्यातल्या एका पाड्यावर एका म्हातारीनं मला विचारलं, "तू मोजायला आलास का द्यायला?" तिसरं काही असू शकतं हे तिच्या अनुभवातच नव्हतं. विचारायला कुणी आलंच नव्हतं.

आणि विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं? की ताट अंगणवाडीत आहे आणि सून भट्टीवर आहे. दिवाळी झाली की घरं बंद. बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर पावसाळ्यापर्यंत. गरोदर बाई माती तुडवते, पोर विटांच्या सावलीत. स्थलांतरितांची नोंद ठेवायची व्यवस्था सरकारनं नंतर आणली. पण नोंद म्हणजे जेवण नव्हे. भट्टीजवळ अंगणवाडी पाहिजे आणि मालकानं बाईला तासभर सोडलं पाहिजे. कुपोषणाचं मूळ ताटात कमी आणि बयाण्यात जास्त आहे.

मग संस्था बयाण्यावर का बोलत नाहीत? काही बोलतात. पण बहुतेकींच्या गळ्यात दोरी आहे. ती दोरी नीट बघा.

पहिली दोरी कंपनीच्या पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफा-उलाढालीवरच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे २ टक्के समाजकार्याला देणं भाग आहे. चांगलंय. पण तो पैसा टाकीला मिळतो, वह्यांना मिळतो, कंपनीची पाटी लावता येईल अशा प्रत्येक गोष्टीला मिळतो. किमान वेतन मागणाऱ्या मोर्चाच्या ट्रकला मिळत नाही.

दुसरी दोरी परदेशी पैशाची. तो कायदा आणीबाणीत, १९७६ साली जन्मला. २०१० साली नवा झाला. २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटनेला 'राजकीय स्वरूपाची' ठरवायची सोय होती. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये म्हटलं, सत्तेच्या राजकारणात नसलेल्यांना यात ओढू नका. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेनं दुरुस्ती केली. आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायची बंदी. कारभाराचा खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, तो २० वर आणला. दिल्लीतल्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या गटाला जो थेंब यायचा तो आटला. अशा माणसाला तुम्ही म्हणणार, बोल! तो बोलेल, पण दोरी पुरेल तेवढंच.

याला तोड काढलेली माणसं याच मुलखात आहेत. विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी १९७९ साली विधायक संसद ही संस्था काढली आणि १९८२ साली वेठबिगारांच्या लढ्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. संस्थेचा हात वेगळा, संघटनेचा हात वेगळा. पंडित २००९ साली वसईतून आमदार झाले, नंतर सरकारच्या आदिवासी आढावा समितीवर गेले. त्यांच्या राजकारणावर तुम्ही वाद घाला, जरूर घाला. पण धडा घ्या. दान पचवणारी संस्था एकटी लढू शकत नाही. तिच्या शेजारी वर्गणीवर चालणारी संघटना लागते. दहा-दहा रुपयांची वर्गणी कुणी परत मागत नाही.

आणि आदिवासी भागात तर कायद्यानंच खुर्ची ठेवलीय. १९९६ चा पेसा, २०१४ चे महाराष्ट्राचे नियम. जव्हार, मोखाडा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात. पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घ्यायची मागणी करू शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. मग मंत्रालयात जाणारं निवेदन संस्थेच्या लेटरहेडवर कशाला? ग्रामसभेचा ठराव पुढं, संस्थेचा अहवाल मागं जोडलेला. क्रम एवढा बदला. भीक आणि हक्क यांच्यातलं अंतर तेवढंच आहे.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या खेपेला कुणी तुमच्याकडं जव्हार-मोखाड्याच्या नावानं पत्रक घेऊन आलं तर फाडू नका आणि डोळे मिटून सहीही ठोकू नका. तीन प्रश्न विचारा. मोजलं कुणी? पैसा कुणाचा? आणि बैठकीत खुर्चीवर बसणार कोण? तिसऱ्याचं उत्तर 'आम्ही त्यांच्या वतीनं' असं आलं, तर सांगा, टोळीवाला आम्ही ओळखतो.

आणि तुम्ही स्वतः जाणार असाल तर कपडे-बिस्किटांची गाडी घेऊन जाऊ नका. कायद्याचं मराठी पुस्तक न्या, अर्ज लिहून द्या, बयाण्याचा हिशेब लोकांबरोबर बसून मांडा. ठराव त्यांना लिहू द्या. शुद्धलेखन तुमचं चुकलेलं चालतं, त्यांचंही चालेल. भट्ट्या तर आपल्या शहराच्या दारातच आहेत. आपण राहतो त्या भिंतीची वीट कुणी थापली, इथून सुरुवात करा.

जय भीम. जोहार.