कुलूपबंद चित्रफीत आणि मोबाइलचा ब्राउझर

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

चित्रपट पाहावयाचा तर तालुक्याच्या गावी जावे लागे, तो काळ आता मागे पडला आहे. चित्रपट, नाटक, व्याख्यान, शाळेचा पाठ हे सारे आज हातातील मोबाइलवर येते. परंतु एकच चित्रफीत एका मोबाइलवर स्वच्छ दिसते, दुसऱ्यावर धूसर दिसते आणि तिसऱ्यावर मुळीच उघडत नाही, असा अनुभव अनेकांस येतो. दोष बहुधा नेटवर्कला दिला जातो. पुष्कळदा तो तेथे असतोही. पण काही वेळा खरे कारण निराळे असते. त्या चित्रफितीला कुलूप लावलेले असते आणि ते उघडण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये सारखी नसते. हे कुलूप कशासाठी लावले जाते आणि ते कोठे लावू नये, याचा विचार सार्वजनिक कामाची जबाबदारी असणाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

वाटेवरचे संरक्षण व घरातले कुलूप

इंटरनेटवरून चित्रफीत अखंड येत नाही. ती काही सेकंदांच्या लहान तुकड्यांनी येते. एक तुकडा दाखवीत असतानाच ब्राउझर पुढचा मागवून घेतो. या प्रवासात मजकूर कोणी मध्येच वाचू नये म्हणून संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ ही पद्धत वापरतात. परंतु हे संरक्षण वाटेपुरतेच असते. मोबाइलपर्यंत पोहोचताच तुकडा मोकळा होतो आणि त्याची प्रत करून ठेवणे अवघड राहत नाही. निर्मात्याला हवे असते ते दुसरे संरक्षण. चित्रफीत मोबाइलमध्ये आल्यावरही बंद राहावी आणि केवळ पाहण्यापुरती उघडावी, असे त्याला वाटते. पैसे खर्चून केलेल्या कृतीची फुकट नक्कल होऊ नये, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

पूर्वी संगणकाच्या ब्राउझरमध्ये हे काम ‘फ्लॅश’ किंवा ‘सिल्व्हरलाइट’ यांसारखी जोडसाधने करीत. मोबाइलवर ती रुजली नाहीत. आयफोनने फ्लॅश कधीच स्वीकारले नाही, आणि मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅशचा पुढील विकास थांबवीत असल्याचे अडोबी कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर केले. कुलूपबंद चित्रफितीसाठी प्रत्येक सेवेचे स्वतंत्र ॲप घेणे, हाच मार्ग मोबाइलधारकापुढे मुख्यतः उरला. ब्राउझरमध्येच ही सोय असावी म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट व नेटफ्लिक्स येथील तज्ज्ञांनी २०१२ साली ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’ या वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेपुढे प्रस्ताव मांडला. त्यातून जे मानक सिद्ध झाले त्याचे नाव ‘एन्क्रिप्टेड मीडिया एक्स्टेन्शन्स’, संक्षेपाने ‘ईएमई’.

किल्लीचा प्रवास

या मानकाची कार्यपद्धती टपालाच्या दृष्टान्ताने समजून घेता येते. चित्रफितीचा तुकडा कुलूपबंद आहे असे आढळताच ब्राउझर मोबाइलमधील एका बंदिस्त घटकाला जागे करतो. हा घटक किल्लीसाठी मागणीपत्र तयार करतो. संकेतस्थळाचे पान ते पत्र परवाना देणाऱ्या संगणकाकडे पोहोचविते. ग्राहकाचे पैसे भरलेले आहेत की नाहीत, मोबाइल कोणत्या प्रतीचा आहे, हे पाहून तो संगणक मोहोरबंद उत्तर धाडतो. उत्तरात किल्ली असते आणि तिच्या अटीही असतात: चित्रफीत किती दिवस पाहता येईल, किती स्पष्ट पाहता येईल, इत्यादी. संकेतस्थळाचे पान हे केवळ टपालवाला होय. पाकिटातील किल्ली त्याला दिसत नाही. ती फक्त त्या बंदिस्त घटकाला कळते.

हा घटक मात्र सर्वत्र एक नाही. अँड्रॉइड मोबाइलवर सामान्यतः ‘वाइडवाइन’ असते. ते तयार करणारी कंपनी गूगलने २०१० मध्ये विकत घेतली. आयफोनवर ॲपलचे ‘फेअरप्ले’ चालते. मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेरेडी’ हे तिसरे. एकाच चित्रफितीच्या तीन वेगळ्या प्रती ठेवाव्या लागू नयेत म्हणून सामाईक कुलूपबंदीचे आंतरराष्ट्रीय मानकही करण्यात आले. तथापि त्यातही कुलूप घालण्याच्या एकाहून अधिक रीती असून जुनी उपकरणे सर्व रीती जाणत नाहीत.

धूसर चित्राचे कारणही येथेच सापडते. वाइडवाइनमध्ये सुरक्षिततेच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर कुलूप उघडणे आणि चित्र तयार करणे ही दोन्ही कामे प्रोसेसरच्या राखीव, सुरक्षित भागात होतात. तिसऱ्या पातळीवर ती केवळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालतात. तिसऱ्या पातळीच्या मोबाइलला अनेक सेवा उच्च प्रतीचे चित्र देत नाहीत. वर्गणी तीच, नेटवर्क तेच. तरी साध्या मोबाइलधारकाच्या पदरी कमी प्रतीचे चित्र पडते.

मानकावरील वाद

हे मानक निर्विवाद स्वीकारले गेले नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या वेबमध्ये काही मोजक्या कंपन्यांच्या ताब्यातील गुप्त घटकाला स्थान का द्यावे, असा आक्षेप होता. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेने मागणी केली की, सुरक्षेतील उणिवा शोधणारे संशोधक आणि अपंगांसाठी सोयी करणारे यांच्यावर कुलूप मोडल्याचा खटला भरणार नाही, असे वचन सदस्य कंपन्यांनी द्यावे. ती मान्य झाली नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची भूमिका वेगळी होती. ब्राउझरने हे दार बंद केले तर निर्माते लोकांना ॲपकडे नेतील आणि तेथे ग्राहकाच्या खाजगी माहितीला ब्राउझरइतके संरक्षण मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर १८ सप्टेंबर २०१७ रोजी मानकाला मान्यता मिळाली आणि त्याच दिवशी फ्रंटियर फाउंडेशनने कन्सॉर्टियमचे सदस्यत्व सोडले.

कायदा व कुलूप

भारतातही हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परंतु अधिनियमाने मनाई न केलेल्या कारणांसाठी केलेल्या कृतीला त्याच कलमात सूट आहे. कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला, तसेच अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी, कृतीची प्रत करण्याची काही मुभा आहे. अडचण अशी की, कायदा अपवाद जाणतो, कुलूप जाणत नाही. वर्गात दोन मिनिटांचा भाग दाखवू इच्छिणारा शिक्षक आणि चोरटी प्रत विकणारा व्यापारी हे दोघेही कुलपाच्या दृष्टीने सारखेच.

सार्वजनिक कामासाठी बोध

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. जनतेच्या पैशातून तयार झालेले पाठ, शेतीविषयक माहितीपट किंवा आरोग्यशिक्षणाच्या चित्रफिती यांना कुलूप लावण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा प्रसार हाच त्यांचा हेतू असतो. ‘दीक्षा’ या राष्ट्रीय शैक्षणिक मंचाच्या ॲपवर पाठ उतरवून घेऊन पुढे इंटरनेटशिवाय पाहता येतात. जेथे नेटवर्क अधूनमधून येते, तेथे या सोयीचे मोल मोठे आहे.

जेथे खाजगी निर्मात्याची चित्रफीत विकत घ्यावयाची असेल आणि कुलूप अटळ असेल, तेथे करारापूर्वीच प्रश्न विचारावेत. अँड्रॉइड व आयफोन या दोहोंच्या ब्राउझरमध्ये ती चालेल काय? तिसऱ्या पातळीच्या मोबाइलवर फळ्यावरील अक्षर वाचता येईल इतके चित्र स्पष्ट येईल काय? कर्णबधिरांसाठी चित्राखाली मजकूर आहे काय? कंपनीने सेवा बंद केल्यास विकत घेतलेल्या पाठांचे काय होईल? या प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत आणि शाळेतील सर्वांत साध्या मोबाइलवर चाचणी करूनच देयक मंजूर करावे.

दैनंदिन वापरातही थोडी माहिती उपयोगी पडते. संदेशाच्या ॲपमध्ये आलेला दुवा तेथेच उघडला तर कुलूपबंद चित्रफीत काही वेळा चालत नाही. तो मुख्य ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. ब्राउझर अद्ययावत आहे ना आणि संरक्षित मजकुराची परवानगी नाकारलेली नाही ना, हेही पाहावे.

कोणतेही कुलूप परिपूर्ण नसते. पडद्यासमोर कॅमेरा धरणाऱ्याला ते अडवू शकत नाही. त्याची झळ अनेकदा बसते ती जुना मोबाइल बाळगणाऱ्या प्रामाणिक प्रेक्षकालाच. निर्मात्याच्या श्रमाचे मोल राखले गेले पाहिजे, यात शंका नाही. परंतु जे ज्ञान सर्वांच्या पैशातून उभे राहिले, त्याचे दार गावातील शेवटच्या विद्यार्थ्यालाही किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. ते तसे उघडे ठेवणे हे खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांच्या हाती आहे.